तिसऱ्या थरावरची कंबर

२०२४ च्या मे महिन्यातला दुसरा सोमवार. सकाळी नऊच्या सुमारास एक तरुण कठड्याला धरून माझ्या नौपाड्यातल्या क्लिनिकचा जिना चढून आला. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाला, "मॅडम, उभाच राहतो. बसलो की उठताना जीव जातो." वय २८, वजन ६८ किलो. तपासायला टी-शर्ट वर केला तेव्हा पोटाचे सहाही कप्पे स्पष्ट दिसत होते. त्याच सकाळी त्याच्या पायात मोजे मात्र त्याच्या आईने घातले होते, कारण त्याला खाली वाकताच येत नव्हतं.

हे प्रकरण त्याच्या परवानगीने लिहिते आहे. त्याचं आणि त्याच्या पथकाचं नाव देत नाही. राहायला तो वर्तकनगरच्या बाजूला आणि कामाला वागळे इस्टेटमधल्या एका छपाई कारखान्यात, आठ-आठ तास मशीनपाशी उभा. आठ वर्षांपासून गोविंदा पथकात आहे आणि गेली तीन वर्षं तिसऱ्या थरावर उभा राहतो.

ठाण्यातल्या माणसाला दहीहंडी म्हणजे काय हे सांगायला नको. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थरांचा १३.३४ मीटरचा मनोरा रचून जागतिक विक्रम केला तो इथेच, ठाण्यात. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हणून मान्यता दिली. पण एवढे थर ज्यांच्या कमरेवर उभे राहतात ती मुलं वर्षभर कसला व्यायाम करतात, याची चौकशी मी करते तेव्हा बहुतेकांचं उत्तर एकच असतं. गुरुपौर्णिमेला नारळ फोडायचा, सराव सुरू करायचा आणि गोपाळकाल्यापर्यंत रोज रात्री थर लावायचे. साधारण ३८ दिवस मिळतात. अधिक श्रावण आला तर जास्त. २०२३ ला तसंच झालं होतं. ३ जुलैला सुरू झालेला सराव ७ सप्टेंबरपर्यंत चालला आणि त्या लांबलेल्या सरावाच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या या गोविंदामुळे थर तीनदा कोसळला. पथकाचे दादा त्याला म्हणाले, "तुझी कंबर सुटते. पोट कमव."

दादांचं निदान बरोबर होतं. पुढे घोटाळा झाला तो "पोट कमव" याचा अर्थ लावताना.

त्याने काय केलं

९ एप्रिलला गुढीपाडवा होता. संकल्प म्हणून त्याने मोबाइलवर पाहिलेलं तीस दिवसांचं पोटाचं चॅलेंज सुरू केलं. पहाटे पाचला उठून अंथरुणाशेजारीच सुरुवात. पाय कपाटाखाली अडकवून सिट-अप्स, पहिल्या दिवशी ५० आणि वाढत वाढत २००. मग १०० क्रंचेस, पाठीवर पडून दोन्ही पाय सरळ उचलायचे ६० लेग रेझ, पाच किलोची प्लेट हातात धरून बसल्या बसल्या डावी-उजवीकडे ५० पिळे आणि शेवटी तीन मिनिटांचा प्लँक, म्हणजे कोपरं आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरायचं. सुट्टी एकही दिवस नाही.

बाविसाव्या दिवशी बेसिनवर वाकून दात घासताना कमरेत सुरी खुपसावी तशी कळ आली. तरी तो थांबला नाही. "चॅलेंज अर्धवट सोडायचं नाही, असं ठरवलं होतं ना," हे त्याने मला अगदी मनापासून सांगितलं. मला त्याचा राग आला नाही. ज्याच्या खांद्यावर वरचा माणूस विश्वासाने पाय ठेवतो, त्याच्या अंगात हा हट्ट असतोच आणि असायलाही हवा. ८ मेला त्याने तीस दिवस पुरे केले. पुढचे पाच दिवस शेक, बाम आणि मेडिकलमधल्या गोळ्या, आणि मग तो माझ्याकडे आला.

तपासणी

सगळ्यात आधी धोक्याची लक्षणं पाहिली. पायात मुंग्या किंवा बधिरपणा नव्हता, पायांची ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया नीट होत्या, खोकल्यावर कळ पायात उतरत नव्हती, लघवी-शौचाची तक्रार नव्हती. झोपवून पाय सरळ वर उचलला तर मांडीमागचा ताण जाणवला, कळ आली नाही. मांड्यांच्या मधल्या भागात, गुदद्वाराभोवती बधिरपणा असता किंवा लघवी अडत असती तर मी त्याला त्याच पावली हॉस्पिटलमध्ये पाठवलं असतं, व्यायामाचा विषयही काढला नसता.

दुखण्याची चाल मात्र ठळक होती. सकाळी उठल्यावर सगळ्यात वाईट, दुपारनंतर बरं. बसलं की वाढायचं, चाललं की कमी व्हायचं. पुढे वाकलं की कळ, मागे रेललं तर काही नाही. म्हणजे त्याच्या कण्याला पुढे वाकणं सोसत नव्हतं, आणि तीस दिवस त्याने दर पहाटे त्याच कण्याला शेकडो वेळा पुढे वाकवलं होतं.

पहाटेची वेळ का वाईट, हे त्याला समजावायला मला बराच वेळ लागला, कारण "पहाटेचा व्यायाम उत्तम" हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी माणूस रात्रीपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच भरतो. फुगलेली चकती ताठ असते आणि वाकताना तिच्या कडांवर जास्त ताण येतो. उठल्यावर पहिल्या तासाभरात हा फुगवटा बराचसा उतरतो. अमेरिकेतले संशोधक स्नूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांनी फक्त सकाळचं पुढे वाकणं टाळलं तरी दुखणं कमी होतं. त्याला मी एवढंच सांगितलं की तुझा व्यायाम चुकीचा होता आणि त्याची वेळ त्याहून चुकीची.

आता सिट-अप्सबद्दल. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी कण्यावर येणारा भार वर्षानुवर्षं मोजला. त्यांच्या मापात एका सिट-अपला कमरेच्या मणक्यांवर साधारण ३३०० न्यूटन दाब येतो, म्हणजे सुमारे ३३० किलो वजनाइतका. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा संस्थेने ओझं उचलणाऱ्यांसाठी सावधगिरीची जी मर्यादा घातली होती, ती ३४०० न्यूटन. आमचा गोविंदा त्या मर्यादेच्या उंबरठ्यावर पहाटे पाचला दोनशे वेळा जात होता. अमेरिकी सैन्यानेही सिट-अप्स आपल्या शारीरिक चाचणीतून काढले आणि २०२२ पासून तिथे प्लँक आहे. सिट-अप्सने प्रत्येकाची कंबर जाते असं मी म्हणणार नाही. कित्येकांना ते आयुष्यभर सोसतात. याला सोसले नाहीत.

लेग रेझची गोष्ट वेगळी. पाय उचलणारा सोअस स्नायू मांडीच्या हाडापासून निघून थेट कमरेच्या मणक्यांना चिकटतो. पोटाने कंबर धरून ठेवली नाही तर तो प्रत्येक उचलीला कणाच पुढे खेचतो. मी त्याला एकदाच हळू करायला सांगून कमरेखाली हात घातला. पाय जमिनीपासून वीतभर उचलले गेले तेवढ्यात माझा अख्खा तळहात आरपार जाईल इतकी पोकळी झाली.

चार आकडे

दुखणं उतरल्यावर, दहा दिवसांनी, त्याचे स्नायू किती वेळ तग धरतात याची चाचणी मी घेतली. दुखत असताना ती घेऊ नये, आकडे खोटे येतात आणि दुखणं खरं वाढतं. चाचणी साधी आहे, घड्याळ आणि टेबल पुरतं. समोरच्या बाजूसाठी गुडघे दुमडून, पाठ तिरकी ठेवून अधांतरी बसायचं. पाठीसाठी पालथं झोपून कमरेपासून वरचं अंग टेबलाबाहेर सरळ धरायचं. १९८४ मध्ये डेन्मार्कच्या बिअरिंग-सोरेन्सन यांनी कंबरदुखीच्या अभ्यासात पाठीची ही चाचणी वापरली आणि त्यांचंच नाव तिला पडलं. आणि दोन्ही कुशींवर साइड प्लँक, म्हणजे एका कोपरावर अंग सरळ तोलून धरायचं.

त्याचे आकडे असे आले: समोरून १९० सेकंद, पाठ ७१, उजवी कूस ६२, डावी कूस ३८.

तोपर्यंत तो स्वतःला कमजोर समजत होता. १९० ऐकल्यावर खूष झाला. मी त्याला बाकीचे तीन दाखवले. मॅकगिल यांच्या हिशेबात समोरचा आकडा पाठीपेक्षा कमी असावा. याचा अडीच पटींहून जास्त होता. दोन कुशींत पाच टक्क्यांहून जास्त फरक नसावा. याची डावी कूस उजवीच्या जेमतेम साठ टक्के होती. निरोगी तरुण पुरुष एका कुशीवर साधारण दीड मिनिट टिकतात.

मग त्याने मोबाइलवर आदल्या वर्षीच्या सरावाचे व्हिडिओ दाखवले. तीन वेळा कोसळलेला थर आम्ही पुन्हा पुन्हा, हळू करून पाहिला. तिन्ही वेळा वरच्याचं वजन याच्या उजव्या खांद्यावर सरकलं होतं आणि तिन्ही वेळा हा उजवीकडे मोडला होता. वजन उजव्या खांद्यावर आलं की अंग उजवीकडे झुकू पाहतं आणि त्याला धरून ठेवायचं काम डाव्या कुशीचं असतं. ती ३८ सेकंदांची कूस. मला या प्रकरणात सगळं कोडं सुटल्यासारखं वाटलं ते त्या क्षणी.

कण्याची एक मोजणी मला नेहमी थक्क करते. कमरेचा कणा स्नायू काढून नुसता उभा केला आणि वरून वजन ठेवलं तर सुमारे ९० न्यूटनला तो लचकून मोडतो. म्हणजे नऊ किलो. तांदळाची दहा किलोची पिशवीसुद्धा नाही. तिसऱ्या थरावर मात्र अख्खी माणसं उभी राहतात. मांडवाच्या बांबूला चारी बाजूंनी ताण बांधतात तसे स्नायू कण्याला धरून असतात. समोरचा उभा रेक्टस, दोन्ही कुशींचे तिरके स्नायू, पट्ट्यासारखा गुंडाळलेला आतला ट्रान्सव्हर्सस, मागे कण्यालगतचे मल्टिफिडस, वरून श्वासपटल आणि खालून ओटीपोटाचा तळ. एकच ताण कितीही करकचून बांधला आणि बाकीचे सैल सोडले, तर बांबू त्याच्याच बाजूला पडतो. या मुलाने महिनाभर एकच ताण आवळला होता. थरात त्याला वाकायचं नव्हतंच. त्याला हलायचं नव्हतं.

पहिले सहा आठवडे

सिट-अप्स, लेग रेझ आणि पिळे बंद. उठल्यावर तासभर पुढे वाकायचं नाही, मोजे पलंगावर पाय वर घेऊन घालायचे. सकाळी तलावपाळीला हात मोकळे सोडून भरभर दोन फेऱ्या, मग व्यायाम.

व्यायाम मॅकगिल यांचेच तीन. पाठीवर झोपून एक गुडघा दुमडलेला, तळहात कमरेच्या खोलगट भागाखाली, आणि फक्त डोकं-खांदे दोन बोटं उचलून दहा सेकंद धरायचे. गुडघ्यांवरून साइड प्लँक, दहा सेकंद. आणि रांगत्या स्थितीत उलटा हात-पाय लांब करायचा बर्ड डॉग, तोही दहा सेकंद. प्रत्येक व्यायामाच्या पहिल्या फेऱ्यात सहा धरण्या, मग चार, मग दोन. डाव्या कुशीचा एक फेरा जास्त. वेळ वाढवायची नाही, धरण्या वाढवायच्या, कारण स्नायू दमून आकार सुटला की उरलेला भार कण्यावर जातो.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. "मॅडम, हे तर आजी-आजोबांचे व्यायाम आहेत. घाम पण येत नाही." मी त्याला बोलावून बर्ड डॉग करायला लावला आणि कमरेवर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली. तिसऱ्या धरणीला चादर भिजली. त्यानंतर तो आजी-आजोबांचं काही बोलला नाही. वाटी घरी घेऊन गेला.

पोट आवळायचं कसं, हेही शिकवावं लागलं. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन यांनी दाखवलं की निरोगी माणसाने हात हलवायच्या आधीच आतला ट्रान्सव्हर्सस कामाला लागतो, कंबरदुखीच्या रुग्णांत तो उशीर करतो. त्यावरून "बेंबी आत ओढा" हा सल्ला जगभर पसरला. भार घेणाऱ्याला मी तो देत नाही. बेंबी आत ओढली की ताण बांबूच्या जवळ बांधल्यासारखे होतात आणि आधार कमी पडतो. कोणी पोटात गुद्दा मारणार आहे असं समजून सगळीकडून घट्ट करायचं, आणि तरी श्वास चालू ठेवायचा. मनोऱ्यात वरचे चढून उतरेपर्यंत श्वास रोखून कोण उभा राहील? म्हणून प्रत्येक धरणीत त्याला मोठ्याने आकडे मोजायला लावले. (रक्तदाब जास्त असलेल्यांनी श्वास रोखून जोर लावू नयेच. हर्निया असलेल्यांनी आणि बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधोमध दुभंगलेल्या बायकांनी पुढे लिहिलेला कठीण भाग तपासून घेतल्याशिवाय करू नये.)

तिसऱ्या आठवड्यापासून पाठीवर झोपून उलटा हात-पाय लांब करायचा डेड बग, पूर्ण पायांवरचा साइड प्लँक आणि खिडकीच्या ग्रिलला रबरी ट्यूब बांधून छातीसमोर हात लांब करायचा पॅलोफ प्रेस आला. ट्यूब अंगाला फिरवू पाहते, आपण फिरायचं नाही. तीन मिनिटांच्या प्लँकच्या जागी दहा सेकंदांचा प्लँक, पण कोपरं पायांकडे आणि पाय कोपरांकडे ओढत, कुल्ले आवळून. त्याचे हात थरथरायला लागले. घामाची तक्रार मिटली.

कठीण भाग

जुलैपासून खरं आव्हान सुरू झालं. आठवड्यात तीन दिवस, संध्याकाळी, पाऊण तास. आधी तेच तीन जुने व्यायाम. मग गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चाक पुढे ढकलायचा रोलर, भिंतीपर्यंतच, आठ वेळांचे तीन फेरे. मोठ्या चेंडूवर कोपरं टेकून कढईत उलथनं फिरवावं तसे लहान गोल, दोन्ही दिशांना दहा-दहा. पाठीवर झोपून होडीसारखा हॉलो होल्ड, वीस सेकंद, पाच वेळा, कंबर जमिनीला चिकटलेली. बारला लटकून गुडघे छातीशी, झोका न घेता. शेवटी एका हाताने वजन घेऊन चालणं, १६ किलोपासून सुरुवात करून ३२ पर्यंत, ४० पावलं जायची, ४० यायची. उजव्या हातात वजन घेऊन दोन फेरे, डाव्या हातात एक.

हे शेवटचं चालणं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. बघणाऱ्याला बाजारातून पिशवी आणल्यासारखं दिसतं. पण एका बाजूच्या ओझ्याखाली सरळ चालताना दुसरी कूस पावलापावलाला अंग धरून ठेवते, आणि तिसऱ्या थरावर नेमकं तेच लागतं.

इथे माझी एक चूक झाली. गुरुपौर्णिमा २१ जुलैला होती आणि त्याच्याइतकीच घाई मलाही झाली होती. नवव्या आठवड्यात मी रोलरचं अंतर वीतभर वाढवलं. सहाव्या उतरणीला त्याची कंबर खाली झोल खाताना मला दिसली. तिथेच थांबवायला हवं होतं. आठ पुरे करू दिले. दुसऱ्या दिवशी सकाळची जुनी कळ परत आली आणि आमचे सहा दिवस गेले. तेव्हापासून नियम केला की आकार बिघडलेली उतरण मोजायची नाही आणि तिथेच फेरा संपवायचा. त्याने हा नियम माझ्याहून कडक पाळला.

सराव सुरू झाल्यावर व्यायाम तीनवरून दोन दिवसांवर आणला, कारण रात्री थर लावणं हाच आता मोठा भार होता. त्याच्या जोडीला उजव्या खांद्यावर २५ किलोची गोणी घेऊन एका गुडघ्यावर बसणं आणि पथकातल्या हलक्या मुलाला खांद्यावर घेऊन आधी २०, मग ४० सेकंद उभं राहणं. तो मुलगा मुद्दाम डावी-उजवीकडे वजन टाकायचा. आई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायची, "अरे, पडाल रे दोघं!"

पुढे काय झालं

१९ ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दिवशी, पुन्हा चाचणी घेतली. समोरून १६८, पाठ १४९, उजवी ९०, डावी ८४. समोरचा आकडा कमी झाला याचं त्याला वाईट वाटलं आणि मला समाधान. पाठ दुपटीहून जास्त झाली होती. तरी समोरची बाजू अजून पाठीच्या पुढे होती, डावी कूस अजून सात टक्के मागे.

२७ ऑगस्टला गोपाळकाला. दिवसभरात पथकाने सहा थर तीनदा आणि सात एकदा लावले. सातचा दुसरा प्रयत्न निसटला, पाय घसरला तो पाचव्या थराचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पलंगाच्या कडेला बसून मोजे घातल्याचा फोटो पाठवला. खांदे सोललेले, पोटऱ्या आखडलेल्या, कंबर शाबूत.

एक गोष्ट त्याला बोचते, आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. सहा कप्प्यांतले खालचे दोन पुसट झाले. एप्रिलमध्ये तो रात्रीचं जेवण सोडून होता, म्हणून ते दिसत होते. पोटाच्या व्यायामाने पोटावरचीच चरबी जात नाही, ती सगळ्या अंगावरून उतरते आणि त्याला खाण्याचा हिशेब लागतो. आता तो नीट जेवतो, वजन ७१ किलो आहे. सराव संपून रात्री बाराला घरी येणाऱ्या मुलाला उपाशी झोपायला सांगायची माझी तयारी नाही.

पुढच्या वर्षी दुसऱ्या थरावर उतरू का, असं त्याने सप्टेंबरमध्ये विचारलं. मी नाही म्हटलं, खालच्या थरावर भार आणखी जास्त. पाठ समोरच्या बाजूला ओलांडेपर्यंत आणि दोन्ही कुशी पाच टक्क्यांच्या आत येईपर्यंत तिसराच थर. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "बरं. मग चाचणी दिवाळीनंतर लगेच घ्या." जाताना त्याने आणखी चार मुलांचं विचारलं. चौघंही त्याच्याच थराची, आणि त्यांतल्या दोघांची कंबर सकाळी दुखते.